पात्र की अपात्र? बाळंतपणानंतरचं पोट आणि वजनाचा काटा

आमच्या खोऱ्यात एखाद्या बाईचं 'ऑपरेशन झालं' असं कुणी सांगितलं की कसलं ऑपरेशन, असं विचारावं लागत नाही. कुटुंब नियोजनाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांनी ही शस्त्रक्रिया करून घेतल्याची नोंद आहे. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा एका टक्क्याच्याही आत आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

आजचा विषय दुसऱ्या ऑपरेशनचा आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या बायकांच्या मोबाइलवर 'टमी टक', 'मॉमी मेकओव्हर' अशा जाहिराती यायला लागल्यात. बाळंतपणानंतर सुटलेलं, लोंबलेलं पोट कापून सपाट करून देतो, हप्त्यांची सोय आहे, अमुक तारखेच्या आत नाव नोंदवलं तर सूट. विंझरमध्ये रेंज येते-जाते, पण ही जाहिरात बरोबर पोचते. बचत गटाच्या मीटिंगमध्ये एकीने मला हळूच विचारलं, "ताई, तुम्ही पेपरवाल्या, हे खरं असतंय का?" बाकीच्या हसल्या. पण उत्तर ऐकायला सगळ्या थांबल्या.

मी विषयात पडले ते मात्र माझ्या धाकट्या जावेमुळे. तिला विचारून हे लिहितेय, नाव टाकणार नाही असं तिला सांगितलंय. टाकायच्या आधी तिला वाचूनही दाखवलंय.

वय पस्तीस. दोन मुलं, दोन्ही वेळा सिझर. दुसऱ्या सिझरच्या वेळीच ते 'ऑपरेशन'ही उरकून घेतलेलं. उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आत-बाहेर. लग्नात वजन ४८ किलो होतं, आता ७४. पोट ओटीच्या खाली लोंबतं. उन्हाळ्यात त्या घडीखाली घाम साचून कातडी सोलते, चट्टे पडतात. एसटीत लोक उठून जागा देतात, 'कितवा महिना?' म्हणून विचारतात. धाकटा आता सात वर्षांचा आहे.

घरात तिने विषय काढला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "पोरं झाली की प्वाट सुटतंच. आमची न्हाय सुटली? आता कुणाला दाखवायचंय?" दीर काहीच बोलले नाहीत, म्हणजे नाहीच म्हणाले. ती मागच्या दारी मला म्हणाली, "ताई, मला कुठं हिरोईन व्हायचंय? लावणीला वाकलं की पोट आडवं येतं. कंबर धरून बसते. बेंबीपाशी काहीतरी टणक वर येतं, दाबलं की आत जातं. ते कुणाला सांगायचं?"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आम्ही दोघी पुण्याला गेलो. आधी जाहिरातीतल्याच एका क्लिनिकमध्ये. नाव लिहीत नाही. गार हवा, गुळगुळीत फरशी. समोर बसलेल्या मॅडम डॉक्टर नव्हत्या, 'कौन्सिलर' होत्या. त्यांनी फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. खर्च सांगितला पावणेदोन लाखाच्या आसपास. या आठवड्यात रक्कम भरली तर सूट. वजन किती, विचारलं, पण काट्यावर उभं केलं नाही. रक्त तपासलंय का, साखर आहे का, तंबाखू-मिश्री लावता का, घरी काम काय करता, यातलं एकही विचारलं नाही. ऑपरेशन कोण करणार, विचारल्यावर 'आमची टीम आहे' एवढंच उत्तर मिळालं. जाऊ माझ्याकडे बघत होती आणि मी दरवाज्याकडे.

दुसऱ्या ठिकाणी गेलो ते ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या एका प्लास्टिक सर्जन बाईंकडे. तिथे पहिलं काम काट्यावर उभं करण्याचं झालं. मग उंची, कमरेचा घेर, रक्त. हिमोग्लोबिन ९.२ निघालं. मग त्यांनी तिला झोपवलं, मान उचलायला सांगितली, पोटावर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "आत्ता नाही करता येणार. पण तुम्ही आलात ते बरं झालं."

जावेचं तोंड उतरलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे मी अपात्र."

लाडकी बहीण योजनेपासून हा शब्द आपल्या प्रत्येक घरात घुसलाय. पात्र, अपात्र, यादीत नाव, यादीतून वगळलं. तिने तोच शब्द उचलला. मला तो लागला, म्हणून मी पुढचे काही आठवडे यावर वाचलं, डॉक्टरांशी बोलले. जे कळलं ते इथे सोप्या भाषेत मांडते.

आधी हिशेब. 'बीएमआय' म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. जावेचा बीएमआय ३२. पोटाची ही शस्त्रक्रिया करताना बरेच सर्जन तो ३० च्या खाली असावा असं बघतात. काही जण थोडं वरही करतात, पण धोका वाढतो हे सगळेच मान्य करतात. १५२ सेंटिमीटर उंचीला ३० म्हणजे साधारण ६९ किलो. म्हणजे अडलं होतं पाच किलोवर. आणि ते पाच किलो उतरवून दुसऱ्या दिवशी टेबलवर जायचं नाही. उतरलेलं वजन निदान सहा महिने तिथंच टिकायला हवं.

पाच किलोंसाठी एवढं कशाला, असं मलाही वाटलं. डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं.

एक, ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नाहीच. सैल झालेली कातडी आणि तिच्याखालची चरबी कापतात, मधे फाकलेले स्नायू पुन्हा जवळ आणून शिवतात. वजनात त्याने फार फरक पडत नाही.

दोन, पोटातली चरबी दोन ठिकाणी असते. एक कातडीखाली, चिमटीत येते ती. दुसरी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती. आतलीला या ऑपरेशनमध्ये हात लागत नाही. ती तशीच ठेवून वरून ओढून शिवणं म्हणजे गच्च भरलेल्या भाताच्या पोत्याचं तोंड दाबून शिवण्यासारखं. शिवण ताणात राहते आणि पोतं फुगलेलंच दिसतं.

तीन, चरबीला रक्तपुरवठा कमी. त्यामुळे जखम उशिरा भरते, पाणी साठतं, पू होतो, कडेची कातडी काळी पडू शकते. भूल देतानाही जाड शरीरात श्वासाचे धोके जास्त. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं. त्याने माणूस जातो.

मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज या २१ वर्षांच्या कन्नड अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला होता. बातमी आपल्याकडेही आली होती. ती शस्त्रक्रिया वेगळी होती, पण ते ब्युटी पार्लरचं काम नव्हतं एवढं तरी त्यातून आपण शिकायला हवं.

चार, मिश्री. हा प्रश्न आला तेव्हा जावेने पदर तोंडाला लावला. आपल्याकडे कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात. दात घासणं म्हणतो आपण, पण ती भाजलेली तंबाखू आहे. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि शिवलेल्या कातडीला रक्त पोचत नाही. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी बंद आणि जखम भरेपर्यंतही बंद. जाऊ म्हणते वजन सोपं, मिश्री अवघड.

पाच, हिमोग्लोबिन. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायका रक्ताने कमी आहेत, हे त्याच पाहणीतलं. अंगावर मांस दिसतं म्हणून 'खाऊन-पिऊन सुखी' म्हणायची आपली पद्धत. जाडी आणि रक्तक्षय एकाच बाईत एकाच वेळी असू शकतात. माझ्या घरातच आहेत.

सहा, बाळंतपण होऊन निदान सहा महिने ते वर्ष गेलेलं असावं, अंगावर पाजणं बंद झालेलं असावं आणि पुढे मूल नको असावं. पुन्हा दिवस गेले तर शिवलेलं सगळं पुन्हा ताणणार. कागदावर हा साधा प्रश्न आहे: 'कुटुंब पूर्ण झालं का?' पण ज्या घरात दोन मुलीच आहेत तिथं या प्रश्नाचं उत्तर एकट्या बाईच्या हातात असतं का, ते तुम्हीच सांगा.

आता बीएमआयबद्दल थोडं, कारण या आकड्यावर एवढं ठरतंय तर तो आला कुठून तेही कळायला हवं. हे सूत्र बेल्जियमच्या अडॉल्फ केटले नावाच्या गणितज्ञाने १८३२ मध्ये मांडलं. तो डॉक्टर नव्हता, 'सरासरी माणूस' कसा असतो ते आकड्यांत शोधत होता. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अॅन्सेल कीझने दिलं. म्हणजे ते मुळात मोठ्या लोकसंख्येचं माप. एका बाईच्या अंगात चरबी किती आणि स्नायू किती, हे ते सांगत नाही.

हे सगळ्यात ठसठशीत दाखवून दिलं ते आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण भारतीय काटक दिसतो, पण आतून चरबीवाले असतो.

याज्ञिकांच्या टीमने हे फक्त फोटोवर सांगितलं नाही. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यास केला. त्या आया आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. सरासरी वजन ४२ किलोच्या आत, उंची १५२ सेंटिमीटर. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. वजनात एवढा फरक, पण कातडीखालच्या चरबीत आपली बाळं तेवढी मागे नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणजे ही चरबी आपल्या लेकी आईच्या पोटातूनच घेऊन येतात. नुसतं 'बसून खाते' म्हणून ती येत नाही.

म्हणूनच आपल्या लोकांसाठी जाडीची रेघ खाली ओढलेली आहे. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी ठरवलं की २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरावा. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावं. १५२ सेंटिमीटरच्या बाईला २३ म्हणजे ५३ किलो. गावातल्या काट्यावर उभ्या राहून बघा, किती जणी रेघेच्या अलीकडे आहोत.

आणि तरी राज्याचं चित्र असं की पाचातली एक बाई गरजेपेक्षा बारीक (२०.८ टक्के) आणि चारातली जवळपास एक जास्त वजनाची (२३.४ टक्के). एकाच वाडीत दोन्ही आहेत. पुष्कळदा एकाच घरात आहेत.

आता पैशाची आणि सरकारची बाजू, कारण हे पान त्यासाठीच आहे.

आजारावरच्या उपचारांवर जीएसटी नाही. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेवर मात्र १८ टक्के आहे. जन्मजात व्यंग, इजा किंवा अपघात यातून बिघडलेलं दुरुस्त करायचं असेल तरच सूट. दीड लाखाच्या ऑपरेशनवर २७ हजार कर. विमा कंपन्यांचंही तसंच. भाजणं, अपघात, कॅन्सर किंवा तब्येतीला थेट धोका असेल तरच प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळतो. वजन कमी करण्याच्या म्हणजे जठराच्या बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेला विमा मिळतो, पण बीएमआय ४० च्या पुढे हवा. किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत हृदयविकार, ताब्यात न येणारा मधुमेह असा गंभीर आजार.

जावेच्या उंचीला ३५ म्हणजे ८१ किलो, ४० म्हणजे ९२ किलो.

आता बघा ती कुठे उभी आहे. टमी टकला ६९ च्या आत यायला हवं. विम्यातून बॅरिअॅट्रिकला ८१ च्या पुढे, तेही मोठा आजार असेल तर. ७४ किलोची बाई मधल्या पट्ट्यात. एका यादीला जास्त जाड, दुसऱ्या यादीला कमी जाड. आणि आपल्या भागातल्या बहुतेक सुटलेल्या पोटांच्या बायका याच मधल्या पट्ट्यात आहेत.

मला यात डॉक्टरांचा दोष दिसत नाही. उलट 'आत्ता नाही' म्हणणारी डॉक्टर मला जास्त विश्वासाची वाटली. पण 'आत्ता नाही' आणि 'पात्र' यांच्या मधला रस्ता बाईने एकटीने चालायचा, तोही रस्ता नसताना, हे मला खटकतं.

रस्ता नसताना म्हणजे काय? आहारतज्ज्ञांनी कागद दिला. त्यात ओट्स होते, ग्रीन टी होता, 'रोज ४५ मिनिटं भरभर चाला' होतं. आमच्याकडे तीन वेळा भात. घरचा इंद्रायणी, पोरांच्या ताटात उरलेलाही तिनेच संपवायचा, कारण अन्न टाकायचं नाही. बाळंतपणात डिंकाचे, मेथीचे लाडू, हळिवाची खीर, तुपाची धार. ते तेव्हा बरोबर असतं, पाजणाऱ्या बाईला लागतंच. पण लाडू थांबले तरी पोट मोठं झाल्यावर भूक मोठी राहते, त्याबद्दल कुणी बोलत नाही. सव्वा महिना सगळं घर बाळंतिणीभोवती असतं. सव्वा महिन्यानंतर पोट बांधायचं धडपं सुटतं आणि ती चुलीपाशी जाते.

आणि चालणं? शनिवार-रविवारी पुण्याच्या पोरी-बायका राजगड चढायला येतात. नसरापूर-वेल्हे रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. अंगात ट्रॅकपँट, पाठीला बॅग, गाणी म्हणत जातात. आम्हाला आनंदच आहे. पण त्याच रस्त्यावर आमची सून संध्याकाळी हात हलवत मोकळी चालायला लागली की चार जण विचारतात, "कुठं चालली गं?" डोक्यावर गवताचा भारा असेल तर कुणी विचारत नाही. रिकाम्या हाताने चालणाऱ्या बाईला गावात कारण सांगावं लागतं. 'शेतात राबतात की, वेगळा व्यायाम कशाला' हे मी पुरुषांकडून शंभर वेळा ऐकलंय. लावणी-कापणी काही आठवड्यांची. वाकून राबल्याने कंबर जाते, फाकलेले स्नायू जवळ येत नाहीत.

हे स्नायूंचं प्रकरण नीट समजून घ्या. गरोदरपणात पोटाचे उभे दोन स्नायू मधून फाकतात. पुष्कळ जणींचे बाळंतपणानंतर आपोआप जवळ येतात, काहींचे नाही येत. दोन बोटांपेक्षा जास्त फट राहिली तर पोट पुढे येतं, कंबर दुखते. मग कितीही उपास करा, पोट जात नाही, कारण ती नुसती चरबी नसतेच. यासाठी वेगळे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात. चुकीचे व्यायाम, म्हणजे पाठीवर झोपून झटक्याने उठणं वगैरे, काही जणींना उलटे बाधतात.

आणि जावेच्या बेंबीपाशी जे 'टणक' वर येत होतं तो हर्निया निघाला. सात वर्षं ती पोट सुटलं म्हणून लाजत होती आणि आत हर्निया होता. तो अडकला, कळ थांबेना, उलट्या झाल्या, तर तातडीने ऑपरेशन करावं लागतं. शोभेसाठी निघालेल्या बाईला शेवटी आजार सापडला. घरात 'कुणाला दाखवायचंय' म्हणून बसवली असती तर तो सापडला नसता. आत्याबाईंनाही हे कळलं तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मलाबी हाय तसलं. लई वरसं झाली." आता त्यांनाही घेऊन जायचंय.

म्हणून मला 'शोभेचं' आणि 'गरजेचं' ही रेघ एवढी सरळ वाटत नाही. प्लास्टिक सर्जरीचा इतिहास तर पुण्याच्याच दारातून जातो. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते छापून आलं आणि ते वाचून युरोपातले सर्जन कामाला लागले. नाकाशिवाय माणूस जगू शकतो. पण चारचौघांत उभं राहता येत नव्हतं म्हणून त्याने ते सोसलं. त्याला कुणी 'कुणाला दाखवायचंय' म्हटलं नसेल.

आपल्याच काळातलं सांगायचं तर नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तब्येतीसाठी केली, चांगलं केलं, लोकांनी कौतुकच केलं. पुरुषाने केली की तब्येत आणि बाईने विचारलं की नखरा, एवढाच माझा मुद्दा आहे.

बाळंतपणानंतर बाईच्या शरीराचं काय होतं हा प्रश्न या मुलखाला नवाही नाही. शंभूराजांच्या जन्मानंतर सईबाई राणीसाहेबांची प्रकृती खालावली, म्हणून आपल्या भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी बाळराजांना दूध पाजलं, हे आपण अभिमानाने सांगतो. ५ सप्टेंबर १६५९ ला सईबाई राजगडावर गेल्या. शंभूराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे. पायथ्याला पाल गावात त्यांची समाधी आहे. बाळाला दूध मिळालं याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. आईच्या दुखण्याची गोष्ट आपण एका ओळीत संपवतो.

आजही तेच चाललंय. बाळंतपणानंतर ४२ व्या दिवसापर्यंत आशाताई घरी येतात, मनापासून काम करतात. त्यानंतर अंगणवाडीत मुलाचं वजन होतं, कार्डावर टिंब पडतं, लसी होतात. आईचं वजन कोण करतं? तिच्या पोटावर हात ठेवून फट बघणारं, हर्निया आहे का विचारणारं कोण?

आता ज्यांना खरोखर ही शस्त्रक्रिया करायची आहे त्या बहिणींसाठी थोडक्यात. लाजू नका, पण घाईही करू नका.

ऑपरेशन करणारी व्यक्ती प्लास्टिक सर्जरीची पदवी घेतलेली आहे का, हे विचारा. एमसीएच किंवा डीएनबी, तेही प्लास्टिक सर्जरीत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. सल्ला देणारी मॅडम डॉक्टर आहे का, तेही विचारा.

रुग्णालयाची नोंदणी आहे का बघा. शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. भिंतीवर नसेल तर का नाही, विचारा.

काट्यावर उभं न करता, रक्त न तपासता तारीख देणाऱ्याकडून परत या. सूट कितीही असो.

साखर, बीपी, दमा, आधीची सिझर, मिश्री, गोळ्या, काही लपवू नका. घरच्यांसमोर बोलता येत नसेल तर डॉक्टरांना एकटीशी बोलायला सांगा.

बेंबीपाशी, सिझरच्या टाक्यापाशी फुगवटा असेल तर आधी सर्जनला दाखवा. हर्निया निघाला तर तो आजार आहे, शोभा नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा उपचार आणि ते रुग्णालय त्यात बसतं का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. शुद्ध कॉस्मेटिक शस्त्रक्रिया त्यात धरू नका.

आणि घरी आधी बोलून ठेवा. अशा ऑपरेशननंतर पहिले काही दिवस कमरेत वाकून चालावं लागतं आणि साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही. पाण्याचा हंडा, गवताचा भारा, दुधाचं कॅन, कडेवरचं पोर, काहीच नाही. ते कोण करणार हे नवऱ्याने आधी सांगावं. माझ्या मते पात्रतेची खरी अट ही आहे, आणि ती बाईला नाही, घराला लागू होते.

जाऊ सध्या ७१ किलोवर आहे. रात्रीचा भात अर्धा केला, पोरांचं उरलेलं आता कुत्र्याला जातं. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. मिश्री दिवसातून तीनदा होती, एकदावर आलीय, बंद व्हायचीय. हर्नियाची तारीख वजन आणि रक्त बघून ठरेल. डॉक्टर म्हणाल्या, जमलं तर त्याच वेळी पोटाचाही विचार करू. जमलं नाही तर नाही. ती म्हणते, "वाकता आलं तरी बास." संध्याकाळी आम्ही दोघी चालायला जातो. आता तिघी झालोय. कुणी 'कुठं चाललाय' विचारलं तर 'चालायलाच चाललोय' म्हणतो.

येत्या ग्रामसभेत मी एक अर्ज देणार आहे. मागण्या तीनच. लसीकरणाच्या दिवशी मुलाबरोबर आईचंही वजन आणि हिमोग्लोबिन बघावं. महिन्यातून एकदा तरी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट बसावा. आणि वर्षातून एकदा बायकांसाठी हर्निया आणि पोटाच्या तपासणीचं शिबिर घ्यावं, तपासणारी बाई डॉक्टर असावी. यातली एकही मागणी कॉस्मेटिक नाही, एकीलाही लाखो रुपये लागत नाहीत.

अर्ज लिहून तयार आहे. सह्या हव्यात. बायकांच्या तर हव्यातच, पण या वेळी पुरुषांच्याही हव्यात. विंझर आणि आजूबाजूच्या वाड्यांतले जे कुणी हे वाचत असाल त्यांनी ग्रामसभेला यावं. बाकीच्या गावांनी हाच मजकूर उचलून आपापल्या ग्रामपंचायतीला द्यावा, माझं नाव टाकायची गरज नाही.